क्वीनची मैफल : एका गिटारीत एवढं मावायचं कसं?

माळ्यावरची_कॅसेट

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून बुटांचा एक खोका खाली आला. बायको म्हणाली, "हे भंगारात." मी झाकण उघडलं आणि तिथेच स्टुलावर बसलो. आत बावीस कॅसेटी, सगळ्यात वर ९० मिनिटांची एक, पाठीवर हिरव्या शाईत माझ्याच अक्षरात 'क्वीन, लाइव्ह किलर्स', म्हणजे ब्रिटिश रॉक बँड क्वीनच्या मैफलींचं ध्वनिमुद्रण. हॉस्टेलमधल्या एकाच्या मावसभावाने परदेशातून दोन तबकड्यांचा संच आणला होता, तो एका रात्रीपुरता मागून भरून घेतलेली. साल १९८६. कॅसेट संपते तिथे शेवट तुटलाय, तो तसाच पाठ झालाय.

चिरंजीवांनी कुठूनसा चालू अवस्थेतला प्लेअर पैदा केला. बुरशीची भीती होती, पण वाजली. आणि तेव्हा पडलेला प्रश्न परत पडला.

स्टुडिओत क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे एकावर एक गिटारी चढवायचा आणि त्यांचा अख्खा वाद्यवृंद करायचा, ते समजतं. टेपवर जागा आहे, वेळ आहे, चढवा. पण ही ध्वनिमुद्रणं १९७९च्या जानेवारी ते मार्चमधल्या युरोप दौऱ्यातली आहेत. मंचावर चौघंच. गिटारवाला एक. तरी ऐकताना पोकळ का वाटत नाही? 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' घ्या. स्टुडिओतल्या गाण्यात गिटार जवळपास सोलोपुरती येते, बाकी सगळा पियानो. मंचावर मात्र ती पहिल्यापासून अंगावर येते आणि गाण्याचा स्वभावच बदलून जातो. मला तरी हेच रूप जास्त आवडतं, शिव्या घालायच्या तर घाला.

जाणकारांनी लिहावं. ज्यांनी त्या काळी फक्त ऐकलंय त्यांनीही लिहावं.

खवट

पोकळ वाटत नाही हे तुमचं मत. मला वाटतं.

'किलर क्वीन'चा सोलो स्टुडिओत ऐका. तीन गिटारी एकमेकींच्या हातातून स्वर घेत घंटांसारख्या वाजतात. मंचावर त्यातला एकच धागा उरतो. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'त तर ऑपेराचा भाग आला की चौघंही आत निघून जायचे आणि टेप वाजायची! तिकीट काढून टेप ऐकायची? आमच्या लेड झेपेलिन बँडवाल्यांनी असलं काही केलं नाही. (आता या मला मारायला.)

सहा_तारा

खवटराव, टेप वाजायची हे खरं, पण टेप चालू असताना ओठ हलवत उभे राहायचे नाहीत. अंधार करून आत जायचे आणि रॉकचा भाग आला की उजेडासकट बाहेर. मला यात प्रामाणिकपणा दिसतो.

कॅसेटकाका, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर गिटारीत आहे आणि अर्धं ॲम्पमध्ये, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये. ॲम्पचं लॅमिंग्टनवाले काका सांगतील, ते धागा बघतायत हे मला माहितीय, खाली हिरवा दिवा दिसतोय.

ब्रायनची गिटार घरी केलेली आहे हे बहुतेकांना ठाऊक असतं. १९६३ला बापलेकांनी काम काढलं, पुरं व्हायला साधारण दोन वर्षं. मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीतून कोरलेली. त्यात वाळवीची नव्हे, लाकूडकिड्यांची भोकं होती, ती आगपेटीच्या काड्यांनी बुजवली. ट्रेमोलोला (दांडी दाबून स्वर हलवायची सोय) मोटरसायकलच्या इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, त्याच्या दांडीला आईच्या विणकामाच्या सुईचं टोक, मानेवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. हे सगळं ऐकायला गोड आहे, पण आवाजाच्या दृष्टीने महत्त्वाचं वेगळंच आहे.

एक म्हणजे तारेची लांबी. नटपासून ब्रिजपर्यंत, म्हणजे तारेच्या दोन टेकूंमध्ये, २४ इंच. फेंडर स्ट्रॅट या प्रसिद्ध गिटारीची साडेपंचवीस. लांबी कमी म्हणजे त्याच स्वराला तार सैल, म्हणून बोटाने ओढायला, हलवायला मऊ. त्याचा स्वर गायकासारखा थरथरतो त्यात याचा वाटा आहे.

दुसरं म्हणजे तीन पिकअप (तारेचं कंपन पकडून विजेत बदलणारे), प्रत्येकाला चालू-बंदचं बटण वेगळं आणि फेज, म्हणजे विजेच्या लहरीची दिशा, उलटण्याचं वेगळं. शिवाय ते सीरिजमध्ये, म्हणजे एकामागून एक जोडलेले. बहुतेक गिटारींत पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी असतात. सीरिजमध्ये दोन पिकअप चालू केले की आवाज जाड आणि मोठा होतो. त्यातला एक उलटा केला की तोच आवाज नाकात बोलतो, बारीक, चिरका. म्हणजे एका गाण्यात दोन बटणं हलवून माणूस बदलल्यासारखा वाटतो. पोकळी न जाणवण्याचं हे एक कारण असावं.

तिसरं पिक, म्हणजे तार छेडायचा तुकडा. प्लॅस्टिकचा वापरत नाही, सहा पेनीचं नाणं वापरतो. नाणं वाकत नाही, त्यामुळे तारेला काय होतंय ते थेट बोटांना कळतं. आणि कडेच्या खाचा तारेवर तिरक्या घासल्या की प्रत्येक स्वराच्या सुरुवातीला एक बारीक खर्र येतं. व्यंजनासारखं. बाकीच्यांची गिटार आ-आ करते, याची 'क' आणि 'त' म्हणते.

माळ्यावरची_कॅसेट

हे व्यंजनाचं भारी आहे. 'कीप युवरसेल्फ अलाइव्ह'च्या सुरुवातीला नेमकं तेच ऐकू येतं, मला इतकी वर्षं ती कॅसेटची खरखर वाटायची!

सहा_तारा

मी जुन्या चार आण्यांनी प्रयोग केलाय. तांबं-निकेलचं नाणं, तेही १९ मिलिमीटरच्या आसपास, कडेला खाचा. आजीच्या पूजेच्या डब्यातून ढापलं. आवाज बराच जवळ येतो. तारा मात्र महिनाभरात तुटतात आणि आजीला अजून पत्ता नाही. तिला कुणी सांगू नका, ती या साइटवर पाककृती वाचते.

लॅमिंग्टनवाला

हिरवा दिवा दिसला म्हणे. बरं.

मी चाळीस वर्षं रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त केले. गिटार मला येत नाही, पण ब्रायन वापरतात तो ॲम्प, व्हॉक्स एसी-३०, उघडून पाहिलाय, एका वाद्यवृंदवाल्याचा होता. नावाप्रमाणे ३० वॉटचा. आत चार ईएल८४ व्हॉल्व्ह. ज्यांच्या घरी जुना युरोपियन रेडिओग्राम होता त्यांनी ही बाटली पाहिलेली असणार, बोटाएवढी, नऊ पिनांची. समोर १२ इंची दोन स्पीकर, खोक्याची पाठ उघडी. म्हणजे आवाज पुढेही जातो आणि मागेही.

आता मुद्द्याचं. साध्या ॲम्पमध्ये बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत देतात. त्याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. त्याने आवाज स्वच्छ राहतो, पण एका मर्यादेनंतर फाटतो तो एकदम फाटतो. कागद फाटल्यासारखा. एसी-३०मध्ये ती सोय ठेवलेली नाही. त्यामुळे तो हळूहळू फाटत जातो, जुनं धोतर विरतं तसा. स्वच्छ कुठे संपलं आणि फाटकं कुठे सुरू झालं हे बोट ठेवून सांगता येत नाही.

ब्रायन मे यांनी काय केलं, ॲम्पचा आवाज पूर्ण वर चढवून ठेवला आणि तिथेच सोडला. कमी-जास्त सगळं गिटारीवरच्या एका बटणाने. बटण मागे घेतलं की आवाज काचेसारखा स्वच्छ, पूर्ण सोडलं की गर्जना. पायाखाली दहा डबे ठेवायची गरजच नाही.

मध्ये एक छोटा डबा मात्र होता, ट्रेबल बूस्टर. ही युक्ती त्यांनी आयरिश गिटारवादक रोरी गॅलहर यांना भेटून विचारून घेतली. गॅलहर यांच्याकडे डॅलस रेंजमास्टर होता. नऊ व्होल्टची बॅटरी आणि एकच जर्मेनियम ट्रान्झिस्टर, ओसी४४. हा ट्रान्झिस्टर आमच्या जुन्या पॉकेट रेडिओंतही असायचा. उष्णतेने त्याची चाल बदलते, मे महिन्यात आम्हाला रडवायचा. पुढे गिटारीची यंत्रं करणारे पीट कॉर्निश यांनी ब्रायनना त्यांच्या गरजेनुसार बूस्टर करून दिले.

बूस्टर वरचे स्वर जोरात ढकलतो आणि खालचे अडवतो. फाटणाऱ्या ॲम्पमध्ये खालचे स्वर जोरात गेले की चिखल होतो. ते आधीच गाळले म्हणून सहाही तारा एकदम छेडल्या तरी प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. आणि गाळलेली खालची जागा मोकळी राहते, तिथे बेस गिटार बसते. तुमचं "पोकळ का नाही" इथे सुटतं असं मला वाटतं.

खवट

काका, तुम्ही लिहिलंत की भांडायची सोय राहत नाही.

वाईकर_बुवा

जरा अवांतर. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारुख बुलसारा आमच्या घाटावरचा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकायला होता हे सगळ्यांना ठाऊक आहेच. जन्म झांझिबारचा, शाळा पाचगणीची. तिथे मुलांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड होता, त्यात तो पियानो वाजवायचा. आमच्याकडे येणारे पाहुणे स्ट्रॉबेरी खातात, टेबललँडवर घोड्यावर बसतात, आणि शाळेच्या फाटकापाशी गाडी थांबवायला सांगतात. मी त्यांना सांगतो, तो पोरगा इथे गायक म्हणून नाही, पियानोवाला म्हणून ओळखला जायचा. कुणाला पटत नाही.

मला गिटारीतलं ओ की ठो कळत नाही. पण बेसला जागा मिळाली तशी पियानोलाही मिळाली असेल ना? अवांतराबद्दल माफी.

सहा_तारा

बुवा, हे अवांतर नाहीच! 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा सोलो मंचावर ऐका. ब्रायन वरती एकटा गातोय, त्याच्या खाली ऱ्हिदम वाजवणारी दुसरी गिटार नाही. खाली कोण? फ्रेडीचा डावा-उजवा हात आणि जॉन डीकनचा बेस. डीकन तर नुसता ठोका देत बसणारा नव्हताच, त्याच्या बेसला स्वतःची चाल असते. हेडफोन लावून फक्त त्याच्यामागे जा एकदा.

मंद्र

मी व्हायोलिन शिकवते, रॉकशी संबंध फक्त मुलाच्या खोलीच्या भिंतीतून. त्याने मला या कॅसेटमधलाच 'ब्रायटन रॉक' बळे बळे ऐकवला. १२ मिनिटांचा आहे. पहिली तीन मिनिटं मी भाजी निवडत होते. मग गिटार एकटी उरली आणि मी सुरी खाली ठेवली.

मला वाटलं दोघं-तिघं वाजवतायत. मुलगा म्हणाला, एकच आहे, बाकी त्याचेच पडसाद. मग त्याने सांगितलं ते असं. एकोप्लेक्स नावाचं यंत्र, त्यात टेपचं वेटोळं फिरत असतं. एक हेड स्वर नोंदवतं, पुढचं हेड तो वाजवतं. दोन हेडांमधलं अंतर जेवढं, तेवढा उशीर. ब्रायनने हेड सरकतं ती पट्टीच लांबवून घेतली आणि उशीर ८०० मिलिसेकंदांपर्यंत नेला. अशी दोन यंत्रं. पहिल्याचा पडसाद ८०० मिलिसेकंदांनी, दुसऱ्याचा त्याच्या दुपटीने.

मी कागदावर मांडून पाहिलं. ८०० मिलिसेकंद म्हणजे मिनिटाला ७५ मात्रा. यंत्र लावलं की लय ठरली, तिला ना चढवता येतं ना उतरवता. आपल्याकडे तबलजी समजून घेतो, इथे तबलजी टेपचा आहे, तो कुणाचं ऐकत नाही. त्या लयीत वादक एक स्वर टाकतो. तो परत येईपर्यंत दुसरा, त्याच्याशी जुळणारा स्वर तयार ठेवतो. दोन्ही मिळून परत येतात तेव्हा तिसरा. मागच्या स्वराच्या खांद्यावर पुढचा उभा. आपल्या पद्धतीत स्वर एकामागून एक येतात आणि नातं कानात जुळतं, तंबोरा सोडला तर एका वेळी एकच. हा माणूस काळ थोडा मागे ठेवून स्वतःशीच एकत्र गातो.

आणि गंमत म्हणजे चूक झाली तर तीही दोनदा परत येते. सगळ्या लोकांसमोर. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितलं तर एकही जण रंगमंचावर चढणार नाही.

लॅमिंग्टनवाला

ताई, छान मांडलंत. एक तांत्रिक जोड. हे दोन पडसाद त्यांनी मूळ आवाजाच्या ॲम्पमध्ये परत घातले नाहीत. मूळ आवाजाला एक एसी-३०, पहिल्या पडसादाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा. कारण असं की फाटणाऱ्या ॲम्पमध्ये दोन वेगळे स्वर एकत्र घातले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नको ते स्वर निघतात. गुरगुर होते. वेगळे ॲम्प दिले की प्रत्येक स्वर आपापला फाटतो आणि मिळतात ते हवेत, तुमच्या कानापाशी. मंचावर मागे ॲम्पची नऊ-नऊ खोकी रचलेली फोटोत दिसतात. लोकांना वाटतं नुसता गडगडाट करायला आहेत.

माळ्यावरची_कॅसेट

माझ्या कॅसेटमध्ये डावा चॅनल जवळजवळ गेलाय. म्हणजे एक पडसाद मी अडतीस-चाळीस वर्षं ऐकलेलाच नाही!

मंद्रताई, हा सोलो आधी 'सन अँड डॉटर' या दुसऱ्याच गाण्यात वाजायचा. मैफलींत वाढत गेला आणि मग १९७४च्या तबकडीत 'ब्रायटन रॉक'मध्ये येऊन बसला. म्हणजे आधी मंच, मग स्टुडिओ. खवटरावांनी हे विशेष वाचावं.

थेम्सकाठी

गेली अकरा वर्षं लंडनला. २०१८ला इथल्या ओटू अरीनात क्वीनचा, गायक ॲडम लँबर्टसोबतचा कार्यक्रम पाहिला. तिकीट एवढं महाग होतं की आईला आकडा रुपयांत सांगितला नाही.

फ्रेडी नाही, डीकन नाही. मला त्यावर वाद घालायचा नाही, तो धागा दरवर्षी निघतो. मी फक्त गिटारीबद्दल लिहितो. अगदी वरच्या रांगेत होतो. ॲम्प कुठे ठेवलेत ते तिथून दिसत नव्हतं, ब्रायन म्हणजे पांढऱ्या केसांचा एक ठिपका. पहिला कॉर्ड वाजला आणि मला छातीत जे जाणवलं ते मोठेपण नव्हतं. मोठा आवाज हल्ली कुठेही मिळतो, गणपतीच्या मिरवणुकीतही. जाणवलं ते हे की एवढ्या गोंगाटात एका नाण्याचं तारेवर घासणं कळतंय. सहा_तारा म्हणतोय ते व्यंजन वरच्या रांगेपर्यंत पोचतं.

आणि 'लव्ह ऑफ माय लाइफ'. स्टुडिओत त्याला पियानो आणि हार्प आहे, हार्पही ब्रायननेच वाजवलेली. मंचावर १९७०च्या दशकापासून बारा तारांची ॲकूस्टिक गिटार आणि लोकांचा आवाज, बस. त्या रात्री माझ्या शेजारी साठीच्या इंग्रज बाई होत्या, हात धरून गात होत्या. कोणाचा हात? माझा. ओळख ना पाळख.

खवट

बरं, एक कबूल करतो. मी काल रात्री त्यांच्या माँट्रियालच्या मैफलींचं चित्रण पाहिलं, १९८१च्या नोव्हेंबरच्या २४ आणि २५ तारखांचं. १९८२च्या दौऱ्यापासून त्यांनी कीबोर्डला पाचवा माणूस घेतला, आधी मॉर्गन फिशर, मग अमेरिकेत फ्रेड मँडेल, १९८४पासून स्पाइक एडनी. म्हणजे नुसत्या चौघांचा हा जवळजवळ अखेरचा ऐवज. 'लाइव्ह किलर्स'पेक्षा ध्वनिमुद्रण कितीतरी स्वच्छ आहे. तिथे मला पोकळी ऐकू आली, पण आवडली. ब्रायन वाजवायचा थांबतो तेव्हा खरंच थांबतो. मागे काही सरकवून ठेवलेलं नसतं. मग परत येतो तेव्हा दार लाथेने उघडल्यासारखं होतं.

१९८६चं वेम्बली मी कॉलेजात पूजलेलं होतं. आता ऐकलं तर तिथे कीबोर्डने कोपरे भरलेत. स्टेडियमला ते लागत असेल. पण कॅसेटकाका, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर बदललं. पोकळ आहे, आणि तेच चांगलं आहे.

झेपेलिन तरीही वरचढ. हे लिहून ठेवतो.

सहा_तारा

स्क्रीनशॉट घेतलाय.

वाईकर_बुवा

लाइव्ह एडचं, त्या मदतनिधीच्या मैफलीचं, कुणीच काढलं नाही? १३ जुलै १९८५. वीस मिनिटांत सहा गाणी.

लॅमिंग्टनवाला

बुवा, तो गायकाचा दिवस होता. गिटारीसाठी 'हॅमर टू फॉल' ऐका त्यातलं, बाकी फ्रेडींनाच पाहा. सगळे तेच करतात.

मंद्र

मुलाने विचारायला सांगितलंय, मैफलीच्या शेवटी 'गॉड सेव्ह द क्वीन' (ब्रिटनचं तेव्हाचं राष्ट्रगीत) वाजतं त्यात इतक्या गिटारी कशा? तेही पडसाद का?

सहा_तारा

नाही ताई, ती टेप. १९७५च्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'वर आहे तीच, ब्रायनने एकावर एक चढवलेल्या गिटारींची. मैफल संपली की ती लावायचे आणि हे चौघे वाकून नमस्कार करायचे. ती मंचावर खरोखर वाजवली ती २००२ला, बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावर उभं राहून, आणि तेव्हाही सोबतीला खाली वाद्यवृंद होता.

माळ्यावरची_कॅसेट

थांबा थांबा. माझी कॅसेट 'वुई आर द चॅम्पियन्स'च्या शेवटाला खट्कन तुटते. मी कायम हळहळायचो की शेवटचं एक गाणं राहिलं, ९० मिनिटांची कॅसेट आपल्याला नडली. म्हणजे जे राहिलं ते मंचावर वाजलेलंच नव्हतं? तीसुद्धा टेपच?

बायको विचारतेय एकटाच का हसतोयस. खोका परत माळ्यावर जातोय, ही एक सोडून.